बुडबुड्यांची बखर

"आज्जी, डाव्या कुशीवर वळा. श्वास सोडा आणि आता धरून ठेवा. धरा... धरा... हां, घ्या श्वास."

सोलापुरातल्या एका हॉस्पिटलमधली टूडी एकोची खोली. दिवे मालवलेले, एसी कडक, आणि भिंतीवर 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' हा फलक. माझी आजी हयातभर विड्या वळत आलेली बाई. दुपारी असं आडवं पडून राहण्याची तिला सवय नाही. तिने मान वळवून स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "काय दिसना की हो डॉक्टरसाहेब. आमच्या जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या, तसंच दिसायलंय."

डॉक्टर हसले, पण तिचं बरोबर होतं. त्यांच्या भाषेत त्याला 'विंडो चांगली नाही' म्हणतात. अल्ट्रासाउंडचा आवाज हाडातून नीट जात नाही आणि हवेतून तर जवळजवळ नाहीच. हृदय बसलेलं असतं बरगड्यांच्या पिंजऱ्यात, दोन्ही बाजूंनी हवेने भरलेली फुप्फुसं. बरगड्यांमधल्या फटीतून प्रोब जेवढं डोकावेल तेवढंच दिसतं. आजीची फुप्फुसं तंबाखूच्या धुळीत वर्षानुवर्षं काढून फुगलेली. त्यामुळे फट आणखी अरुंद.

तिला न कळता कधीतरी हार्ट अटॅक येऊन गेला होता. अशा वेळी हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक कमजोर पडतं, तिथलं रक्त संथ होतं आणि संथ रक्ताची गाठ होऊ शकते. गाठ असेल तर रक्त पातळ करण्याची गोळी द्यायला हवी, नाहीतर ती सुटून मेंदूत जायची. गाठ नसेल तर त्या वयात ती गोळी देणं म्हणजे रक्तस्रावाला निमंत्रण. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की टोक नीट दिसत नाही, गाठ नाही असं खात्रीने सांगता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, "पुण्याला जाऊन कॉन्ट्रास्ट एको करून घ्या. बुडबुडे सोडून बघतात."

मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. 'बुडबुडे सोडून' हे शब्द डोक्यातून जाईनात. घरी आल्यावर वाचायला बसलो आणि त्या मुंग्यांच्या मागे मोठा इतिहास निघाला.

*

सुरुवात जहाजाच्या कारखान्यात होते. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ होते. १९५०च्या आसपास आकसलेली मायट्रल झडप ऑपरेशन करून मोकळी करायला सर्जन लागले होते. संधिवाताच्या तापाने खराब होणारी ही झडप आपल्याकडच्या दवाखान्यांनाही चांगली परिचयाची. एडलर यांची अडचण साधी होती. छाती उघडण्याआधी झडप किती खराब आहे हे कळणार कसं? त्यांनी हेलमुट हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं. (हो, तेच घराणं. हेलमुटचे वडील गुस्ताव हर्ट्झ यांना नोबेल मिळालेलं, आणि ज्यांच्या नावाने आपण फ्रिक्वेन्सी मोजतो ते हाइनरिश हर्ट्झ हे गुस्ताव यांचे काका.)

माल्मोच्या कॉकुम्स जहाजबांधणी कारखान्यात पोलादातल्या भेगा शोधण्याचं एक यंत्र होतं. पोलादात आवाजाचा ठोका सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आत चीर आहे का ते बघायचं. हर्ट्झ यांनी ते स्वतःच्या छातीला लावून पाहिलं आणि पडद्यावर एक प्रतिध्वनी हृदयाच्या ठोक्याबरोबर पुढेमागे हलताना दिसला. मग शनिवार-रविवारपुरतं ते यंत्र उसनं आणलं गेलं. पुढे सीमेन्सकडून एक यंत्र मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट जास्तच आवडते. हृदय बघण्याचं यंत्र कारखान्याच्या आवारातून आलं, तेही उसनवारीवर.

ते चित्र वगैरे काही नव्हतं. नुसती वरखाली जाणारी रेघ. ती रेघ हृदयाच्या कोणत्या भागाची, यावरही एडलर आधी चुकले. डाव्या वरच्या कप्प्याची भिंत समजून ते जी बघत होते, ती प्रत्यक्षात मायट्रल झडपेची पाकळी निघाली. म्हणजे ज्या झडपेसाठी एवढा खटाटोप, ती पहिल्यापासून समोरच होती, नाव मात्र दुसऱ्याचं लागलेलं.

पुढची पंधरा वर्षं या शास्त्राचा मोठा वाद हाच होता. ही रेघ कशाची? ती भिंत की झडप? महाधमनी कुठे सुरू होते?

*

उत्तर आलं १९६८ साली, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातून. रेमंड ग्रामिॲक आणि प्रवीण शाह ही ती जोडी. रुग्णाच्या हृदयात कॅथेटर घालून हिरवा रंग सोडायचा आणि हृदय किती रक्त फेकतं ते मोजायचं, ही तेव्हाची नेहमीची चाचणी. ती चालू असताना अल्ट्रासाउंडही लावलेला होता. रंग आत गेला रे गेला की पडद्यावर प्रतिध्वनींचा ढग उठायचा. काळीभोर दिसणारी महाधमनी क्षणात पांढरी व्हायची. असंच काहीसं त्यांच्याआधी क्लॉड जॉयनर यांच्याही नजरेला आलं होतं.

रंगात काही विशेष गुण असेल असं वाटणं साहजिक होतं. पण साधं सलाईन जोराने सोडलं तरी ढग उठे. रुग्णाचं स्वतःचं रक्त काढून परत ढकललं तरी उठे. दोष होता तो हवेच्या बारीक बुडबुड्यांचा. काही बुडबुडे कॅथेटरच्या टोकाशी द्रव जोरात सुटल्यामुळे बनत, काही सिरिंज भरतानाच आत शिरलेले असत.

रक्त आणि मांस आवाजाच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच. हवा मात्र पूर्ण वेगळी, म्हणून हवेच्या कणावरून आवाज सणकून परततो. ज्या हवेमुळे आजीचं हृदय दिसत नव्हतं, तीच हवा थेंबाथेंबाने हृदयाच्या आत सोडली तर कप्पा उजळून निघतो.

ग्रामिॲक आणि शाह यांनी 'मशीन खराब आहे' म्हणून ढग पुसून टाकला नाही. त्यांनी तो वापरला. या कप्प्यात सोडलं की इथे ढग दिसतो, म्हणजे ही रेघ याच कप्प्याच्या भिंतीची. वादातल्या रेघांना एकेक करून पक्की नावं मिळाली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली, आणि ते योग्यच होतं. बुडबुड्यांच्या ढगाची बातमी मात्र कुठे झाली असेल असं वाटत नाही.

*

या शोधाची स्वस्त आवृत्ती आजही चालते, आणि ती करायला पुण्याला जावं लागत नाही. दोन सिरिंज, मधे तीन तोंडांची तोटी. एका सिरिंजमध्ये आठ-नऊ मिली सलाईन, त्यात एखादा मिली हवा. या सिरिंजमधून त्या सिरिंजमध्ये आणि परत, असं दहा-पंधरा वेळा झपाझप ढकलायचं. पाणी दुधाळ झालं की लगेच हाताच्या शिरेत. दोन-तीन ठोक्यांत हृदयाची उजवी बाजू पांढरी होते. उजव्या-डाव्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर काही ठिपके पलीकडे उडी मारताना दिसतात.

मग आजीला हेच का नाही केलं? मीही डॉक्टरांना हेच विचारलं होतं. शिरेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं आणि मगच डाव्या बाजूला पोचतं. सलाईनचे बुडबुडे मोठे आणि अल्पायुषी असतात. फुप्फुसाच्या केसाहून बारीक नळ्यांमध्ये ते अडकतात, विरघळतात आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातात. भोक नसलेल्या हृदयात डावी बाजू काळीच राहते. आजीची गाठ, असलीच तर, डाव्या बाजूला होती.

फुप्फुस ओलांडणारा बुडबुडा बनवायला सोळा वर्षं लागली. १९८४ साली स्टीव्हन फाइनस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ट्रासाउंडनेच द्रव घुसळून बारीक आणि एकसारखे बुडबुडे बनवण्याची रीत मांडली. त्यातून पुढे अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाचं कवच असलेला बुडबुडा आला. रक्तातल्या तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन, या बुडबुड्यांचा सरासरी त्याहून कमी. पेशी जिथून जाते तिथून हाही जातो. 'अल्ब्युनेक्स' या नावाने १९९४ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. पण आत साधी हवा असल्याने तो फार टिकत नसे. मग हवेऐवजी फ्लोरिनयुक्त जड वायू भरले गेले. ते रक्तात विरघळायला फार आळशी. बुडबुड्याचं आयुष्य सेकंदांवरून मिनिटांवर गेलं.

*

आता खरी गंमत.

दोन-तीन मायक्रॉनचा बुडबुडा आवाजाच्या लाटेत नुसता तरंगत नाही. तो फुगतो आणि आकसतो, घंटेसारखा वाजतो. आणि त्याचा स्वतःचा सूर येतो साधारण दोन ते तीन मेगाहर्ट्झवर. हृदय बघायला डॉक्टर हीच फ्रिक्वेन्सी आधीपासून वापरत होते. कुणीही असं ठरवलेलं नव्हतं. फुप्फुसातून जाण्यासाठी जो आकार लागतो, तोच आकार छातीतून जाणाऱ्या आवाजाला साथ देतो, हा निव्वळ योगायोग.

शिवाय बुडबुडा फुगायला मोकळा आणि दबायला हट्टी असतो. त्यामुळे तुम्ही त्याला एक सूर दिलात तर तो दुप्पट फ्रिक्वेन्सीचाही सूर परत देतो. सतारीची तार छेडली की वरचे सूरही निघतात, तसं. त्याला हार्मोनिक म्हणतात. इंजिनीअरांनी विचार केला की दुप्पट सूरच ऐकायचा. मांस फक्त मूळ सूर परत देतं, ते आपोआप गाळलं जाईल आणि उरतील नुसते बुडबुडे.

तसं झालं नाही. बुडबुडे सोडण्याआधीच, कोऱ्या हृदयाकडे बघतानाही, दुप्पट सुरात चित्र दिसत होतं. आवाज मांसातून जाता जाता स्वतःच थोडा वाकडा होतो आणि त्यातून हार्मोनिक तयार होतं. बुडबुडेवाल्यांसाठी ही कटकट. पण नीट बघितलं तर हे चित्र नेहमीच्यापेक्षा स्वच्छ होतं! बरगड्या आणि चरबीजवळ उठणारा गोंगाट त्यात फारच कमी. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे तंत्र झपाट्याने पसरलं. आज एकोच्या यंत्रात ते न सांगता चालूच असतं.

म्हणजे आजीच्या त्या पहिल्या एकोत बुडबुड्यांची बाटली नव्हती, तरी त्यांच्यासाठी झालेल्या संशोधनाचं उपउत्पादन यंत्रात बसलेलं होतं. त्या मुंग्यांमध्ये जे काही थोडंफार दिसलं ते त्यामुळेच. मूळ वस्तू जिल्ह्याच्या गावाला पोचायच्या आधी तिची कात्रणं पोचतात, असं माझं मत होत चाललंय. तक्रार म्हणून म्हणत नाही. कात्रणांनीही बरंच काम होतं, आणि गोधडी शिवणाऱ्या घरात वाढलेल्याने कात्रणांना नावं ठेवू नयेत.

दुसरी कटकट होती ती बुडबुडे फुटण्याची. आवाज जरा मोठा केला की ते फटाफट फुटत आणि चित्र विझे. यावर एक उपाय म्हणजे आवाज अगदी हळू ठेवायचा. तो आजचा रिवाज आहे. दुसरा उपाय सुचला तो संजीव कौल यांच्या गटाला. १९९८ साली त्यांनी दाखवलं की बुडबुडे मुद्दाम फोडा आणि मग हृदयाचा स्नायू पुन्हा किती वेगाने भरतो ते मोजा. लवकर भरला तर रक्तपुरवठा चांगला, रेंगाळला तर कुठेतरी अडलंय.

मधे एक वाईट वळणही आलं. २००७च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण चाचणीनंतर काही मृत्यूंच्या नोंदी झाल्या होत्या. मुळात कॉन्ट्रास्ट दिलं जातं ते जास्त आजारी माणसांना. मृत्यू बुडबुड्यांमुळे की आजारामुळे, हा प्रश्न होताच. पुढे हजारो रुग्णांची तुलना झाली, बुडबुडे दिलेल्यांत मृत्यू जास्त दिसले नाहीत, आणि २००८मध्ये इशारा सौम्य झाला. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी येते, म्हणून नंतर थोडा वेळ थांबवून ठेवतात. आजीलाही थांबवलं. तिने तेवढ्यात शेजारच्या बाईच्या सुनेची सगळी चौकशी करून घेतली.

*

पुण्यातली ती खोली सोलापुरातल्यासारखीच होती. अंधार, एसी, फलक. फरक इतकाच की एका छोट्या बाटलीतलं दुधी औषध हातातल्या सुईतून हळूहळू गेलं. आधी उजवा कप्पा भरला. काही ठोक्यांनी डावाही. आणि मुंग्यांच्या जागी कडा असलेला एक पांढरा आकार उभा राहिला, टोकाकडे निमुळता होत गेलेला. पांढऱ्यात अगदी टोकाशी एक काळा ठिपका होता. सगळीकडे बुडबुडे शिरत होते, तिथे शिरत नव्हते.

"हीच गाठ," डॉक्टर म्हणाले. आजीने विचारलं, "काळं ते वाईट का पांढरं ते वाईट?"

गोळी सुरू झाली. पण डॉक्टर एक वाक्य बोलले होते ते माझ्या लक्षात राहिलं. गाठ हलतेय का, हे त्यांना बघायचं होतं, कारण हलणारी गाठ सुटण्याची भीती जास्त. ते म्हणाले, "ठोके भराभर पडतायत आणि कॉन्ट्रास्टमध्ये फ्रेम रेट कमी मिळतो. नीट पकडता येत नाहीये."

फ्रेम रेट आपल्याला माहीत आहे. गेम अडखळला की आपण पहिली शिवी त्यालाच देतो. पण इथे तो कमी का?

*

माझे आजोबा यंत्रमागावर होते. मागात धोटा एका फेरीत एकच आडवा धागा टाकतो. चादर कितीही मोठी असो, ती धाग्याधाग्यानेच पुढे सरकते. नेहमीचं अल्ट्रासाउंड असंच विणलं जातं. प्रोब एका दिशेने आवाजाचा किरण सोडतं, प्रतिध्वनी परत येईपर्यंत थांबतं आणि चित्राची एक रेघ मिळते. मग पुढची दिशा.

या धोट्याचा वेग वाढवता येत नाही, कारण तो आवाजाचा वेग आहे. शरीरात साधारण १५४० मीटर प्रतिसेकंद. पंधरा सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला ०.२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ५००० रेघा. एका चित्रात १०० रेघा धरल्या तर सेकंदाला ५० चित्रं. बुडबुड्यांसाठी एका रेघेला निदान दोन ठोके लागतात, एक सुलटा आणि एक उलटा. मांसाचे दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांना खोडतात, वाकड्या स्वभावाचे बुडबुडे उरतात. पण त्यापायी ५०चे २५ झाले. आजीचे ठोके मिनिटाला १०० होते, म्हणजे एका ठोक्याला जेमतेम १५ चित्रं. एक झडप बंद होऊन दुसरी उघडेपर्यंतचा क्षण साधारण ५० मिलिसेकंदांचा. तो एक-दोन चित्रांत संपतो. कप्प्यात रक्त कसं घुमतं, कुठे भोवरा होतो आणि कुठे थिजतं, हे तर निसटतंच. बुडबुड्यांचा माग काढून रक्ताचा वेग मोजायला गेलं तर एवढ्या कमी चित्रांत तो खऱ्यापेक्षा कमी येतो.

मग धोटा टाकून द्यायचा. सगळी चादर एका फटक्यात.

किरणाऐवजी पंख्यासारखी पसरणारी एकच लाट सोडायची, जी सगळ्या हृदयावर एकदम पडेल. परतणारे सगळे प्रतिध्वनी साठवायचे आणि कोणता कुठून आला हे कॉम्प्युटरने नंतर सोडवायचं. एका ठोक्यात एक चित्र, सेकंदाला हजारो. कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये डेलानॉय आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला हजार चित्रांपर्यंत जाणारी यंत्रणा मांडली होती. १९८४ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने एका ठोक्यातून एकाच वेळी अनेक रेघा वाचणारी रीत काढली आणि तिचं नाव ठेवलं 'एक्स्प्लोसोस्कॅन'. (नावात इतका धमाका असलेलं वैद्यकीय तंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.) अडत होतं ते गणितावर. एवढे प्रतिध्वनी साठवायचे कुठे आणि सोडवायचे कधी? पॅरिसमध्ये माथियास फिंक आणि मिकाएल तांतेर यांच्या गटाने ते रेटून पुढे नेलं, आणि दरम्यान गेमिंगसाठी बनलेली ग्राफिक्स कार्डं भलतीच ताकदवान झाली. पोलादाच्या भेगा शोधणारं यंत्र हृदयाला लागलं होतं, तसं आता गेमचं कार्ड.

पण चित्र? चित्र वाईट निघालं. आवाज सगळीकडे पसरल्याने कुठेच जोर नाही. कडा पुसट, काळ्या जागी राखाडी. आजीच्या शब्दांत, परत मुंग्या.

यावरचा उपाय तुमच्या फोनमध्ये आहे. रात्री फोटो काढताना नाइट मोड एक फोटो घेत नाही. तो भराभर बरेच फोटो घेतो आणि एकावर एक रचतो. खरं दृश्य पक्कं होत जातं, गोंगाट विरतो. अल्ट्रासाउंडमध्येही तेच. लाट वेगवेगळ्या कोनांतून सोडायची आणि चित्रं एकत्र करायची. २००९ साली पॅरिसच्याच गटाने ही रचना नीट मांडली.

आणि नाइट मोडमध्ये मधेच एखादं पोर पळालं तर काय होतं? भुताटकी. धूसर, दोन डोकी, तीन हात. यकृताचं ठीक आहे, ते जागेवर बसतं. हृदय हे न थांबणारं पोर आहे.

आकडे बघा. दहा कोन, प्रत्येकाला सुलटा-उलटा असे दोन ठोके, म्हणजे वीस. प्रत्येकी ०.२ मिलिसेकंद, एकूण ४ मिलिसेकंद. तेवढ्यात १० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने हलणारी हृदयाची भिंत ०.४ मिलिमीटर सरकते. क्षुल्लक वाटतं. पण २.५ मेगाहर्ट्झला आवाजाची तरंगलांबी ०.६ मिलिमीटर असते, आणि जाऊन परत यायचं असल्याने फक्त ०.१५ मिलिमीटर सरकलं तरी एका चित्राच्या शिखरावर दुसऱ्याची दरी येते. दोघं मिळून शून्य. जिथे हृदय सगळ्यात जोरात हलतं, म्हणजे जिथे बघायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच चित्र काळं पडतं. बुडबुड्यांचं तर आणखी अवघड. रक्त भिंतीहून कितीतरी वेगाने धावतं. शिवाय सुलट्या-उलट्या ठोक्यांच्या मधे मांस हललं तर ते पूर्ण खोडलं जात नाही आणि बुडबुड्यांच्या चित्रात घुसखोरी करतं.

गेल्या दहा-बारा वर्षांतलं काम या एका गाठीभोवती फिरतंय. २०१६ साली माँट्रियलच्या संशोधकांनी मार्ग काढला. कोनांचा क्रम असा लावायचा की त्याच प्रतिध्वनींतून भिंतीचा वेगही मोजता येईल. मग तेवढं सरकणं वजा करायचं आणि नंतरच चित्रं रचायची. पण यात प्रोबच्या दिशेने जाणारी-येणारी हालचाल धरली जाते, आडवी नाही. आणि कप्प्यात भोवरे घेणारं रक्त कुणाच्या सोयीने एका रेषेत जात नाही. २०१९ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाच्या गटाने बुडबुड्यांच्या वेगवान चित्रांसाठी उभी आणि आडवी अशी दोन्ही हालचाल शोधून दुरुस्त करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एका कोनाच्या चित्रातले ठिपक्यांचे पुंजके दुसऱ्यात कुठे गेले ते हुडकायचं, सगळ्यांना एका क्षणाच्या जागेवर परत आणायचं, आणि मग बेरीज. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्येही असंच काम झालं. त्यांनी पसरत्या लाटा आणि बुडबुडे एकत्र करून मेंढीच्या हृदयावर सेकंदाला शेकडो चित्रं घेतली. घोंगडीच्या मुलखातल्या माणसाला मेंढी भेटली की बरं वाटतं, भले ती लंडनची असो.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ती वजाबाकी. चित्र बिघडवणारी हालचाल काढून टाकायची तर ती आधी अचूक मोजावी लागते. मोजली की तीच भिंतीचा आणि रक्ताचा वेग सांगते. जी माहिती पुण्याच्या डॉक्टरांना हवी होती, ती त्यांच्या चित्राचा दोष म्हणून आत बसलेली असते.

हे अजून बहुतेक प्रयोगशाळांतच आहे. काही सेकंदांच्या नोंदीत प्रचंड डेटा जमतो आणि तो सोडवायला रुग्ण खोलीतून गेल्यानंतरचा वेळ लागतो. छातीच्या आत किती दाबाचा आवाज सोडावा म्हणजे बुडबुडे फुटणार नाहीत, हेही प्रत्येक वेळी जपावं लागतं, कारण सेकंदाला हजारो ठोके खाणारा बुडबुडा लवकर थकतो.

*

काही महिन्यांनी आजीचा पुन्हा एको होता. गाठ विरघळली असेल तर गोळी थांबवायची होती, कारण ब्रश करताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. सोलापुरात तीच खोली, तेच डॉक्टर. त्यांनी प्रोब बरंच फिरवलं, तिला तीनदा श्वास धरायला लावला, चित्र मोठं केलं, लहान केलं.

"आज्जी, टोक काय दिसेना."

आजी उठून बसली, पदर सारखा केला. "म्हंजे परत पुण्याला? इथं मिळंनात व्हय ते बुडबुडे?"

"ते नाहीत सध्या आमच्याकडे."

बाहेर येईपर्यंत ती गप्प होती. मग रिक्षात बसल्यावर म्हणाली, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं बघ, आणि खिडकीचं बघ. मी फोन काढला.